चित्रं दाखवा, नावं सांगा

...आणि वर मलाच म्हणतात, तूच फार बोलतेस म्हणून पोर बोलत नाही! मी? आता तुम्हीच सांगा, मी बोलते का हो फार? माझा मुलगा, तिसरं लागलं त्याला, दात सगळे आले, दार उघडता येतं, माझ्या पर्समधून चष्मा काढून तोडता येतो, पण तोंडातून शब्द म्हणून नाही... 'आई' नाही, 'बाबा' नाही, नुसता टकामका बघतो, आणि सासूबाई त्याला काय म्हणतात माहितीये? दगडोबा! पोटच्या पोराला कुणी दगडोबा म्हटलं तर आईच्या काळजाचं काय होत असेल? पण मी एक शब्द बोलले नाही!

नेलं मग डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी विचारलं, "काय तक्रार?" मी सांगायला सुरुवात केली, पोटात असल्यापासून, म्हणजे नीट कळावं त्यांना, तर त्यांनी मध्येच पोराचे कान बघितले, घसा बघितला, त्याच्याशी चेंडू चेंडू खेळले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मूल उत्तम आहे. त्याला चित्रं दाखवा, नावं सांगा, आणि मग थांबा." आता थांबा म्हणजे कुठं थांबा, ते काही सांगितलं नाही. मी विचारणारच होते, तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला की बोलावून आणला, देव जाणे.

चित्रं! मी म्हटलं आणू की पुस्तक. तर आमच्या नणंदबाई, त्या चित्रकला शिकलेल्या, मान वाकडी करून बोलतात, म्हणाल्या, "वहिनी, असली बाजारू चित्रं दाखवून मुलाची नजर कशाला बिघडवता? संग्रहालयात चला. एकाच थोर चित्रकाराचं आख्खं संग्रहालय आहे!" आमचे हे म्हणाले, "चला, निदान तिथं शांतता तरी असते." हा टोमणा कुणाला होता, ते मला कळलं. पण मी एक शब्द बोलले नाही!

तर तुम्हाला सांगते, तीन मजले! तीन मजले एकाच माणसाची चित्रं! वर त्याची चप्पल काचेत, त्याचा चष्मा काचेत, त्याची कवळीसुद्धा काचेत, आमच्या सासऱ्यांची अजून वाटीत असते, त्यांना कुणी काच दिली? दारातच पोराची दुधाची बाटली काढून घेतली, पाणी काढून घेतलं, अहो पोराला उचकी लागली तर? जिना गुळगुळीत, कठडा एवढासा, जमिनीवर एक रेघ, तिच्या पुढं पाय टाकला की कुठंतरी यंत्र केकाटतं... आणि प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर एक रखवालदार, चेहरा असा, की सकाळीच घरी भांडून आलाय.

पहिला मजला बरा होता हो. चित्रकार तेव्हा तरुण, डोकं ठिकाणावर. सुरई म्हणजे सुरई, मांजर म्हणजे मांजर. मी पोराला कडेवर घेतलं आणि लागले कामाला. "हे बघ राजा, मांजर, म्हण मां-जर, म्याव करते ती, दूध पिते, शेपटी बघ, शेपटीला हात नाही लावायचा, चावते, म्हण ना, मां-जर, ही सुरई, पडली की फुटते, काच पायात जाते, मग इंजेक्शन..." रखवालदार उठला. "बाई, हळू. लोक चित्रं बघायला येतात इथं." म्हटलं, "बघायला येतात ना? मग कान कशाला हवेत त्यांना?" एवढंच म्हटलं. बाकी मी एक शब्द बोलले नाही!

दुसऱ्या मजल्यावर मात्र त्या माणसाचं काहीतरी बिनसलं होतं. मी म्हटलं, "राजा, ही बघ गाय, म्हण गा-य." नणंदबाई किंचाळल्या, "वहिनी! ते चित्रकाराचे वडील आहेत!"

"वडील? मग शिंगं कशाला?"

"ती शिंगं नाहीत. ते दुःख आहे."

आता काय करणार? डॉक्टरांनी सांगितलंय, चित्र दाखवा, नाव सांगा. म्हटलं, "राजा, म्हण दुः-ख." मागं दोन म्हाताऱ्या होत्या, त्यांनी गळ्यातली माहिती सांगणारी यंत्रं कानाला लावली आणि आवाज मोठा केला. आमचे हे तर तिकडं लांब, दुसऱ्याच कुटुंबात जाऊन उभे राहिले! त्यांच्या पोराला उचलून घेतलं! ते पोर त्यांना 'काका, काका' करतंय, आणि यांचा चेहरा कसा फुललेला... जीव तुटला हो माझा. ठरवलं, आज याला बोलता केल्याशिवाय मी या इमारतीतून बाहेर पडत नाही.

आणि मग तिसरा मजला. एक आख्खी भिंत, एकच बाई. तोंड परातीएवढं. डोळे दोन्ही एकाच बाजूला. कान? नाहीतच! आणि ओठांच्या खाली आणखी ओठांची जोडी, म्हणजे तोंडं दोन, दोन्ही उघडी, दोन्हीत दात, आणि एक बोट असं पुढं रोखलेलं. खाली लिहिलेलं: 'पत्नी, सकाळची वेळ'.

मी तोंड उघडलं, "राजा, ही बघ..." आणि काय सांगू? काय नाव द्यायचं असल्या ध्यानाला? आयुष्यात पहिल्यांदा, तुम्हाला सांगते, मला शब्द सापडेना. खोली चिडीचूप. आणि त्या शांततेत माझ्या पोरानं तोंडातला अंगठा काढला, त्या बाईकडं हात केला, आणि खणखणीत म्हणाला:

"आई!"

आमचे हे हसले. हसले म्हणजे काय, भिंतीला टेकले, तर यंत्र केकाटलं, रखवालदार धावत आला, त्यानं चित्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तो सकाळचा भांडून आलेला माणूस पोट धरून खाली बसला! नणंदबाई म्हणाल्या, "काय निरीक्षण आहे!" आणि मी? मला कुठली लाज! मी रडतेय, "म्हणाला! आई म्हणाला!" पोराला छातीशी धरलं, तर त्यानं माझं तोंड हातानं बाजूला सारलं... चित्र दिसत नव्हतं त्याला. "आई!"

यांनी जाताना त्या बाईचं मोठं छापील चित्र विकत घेतलं. सासूबाईंनी स्वतः स्टुलावर चढून ते स्वयंपाकघरात लावलं, अगदी ओट्यासमोर. आणि आता काय सांगू, पोर दिवसभर तिच्याशी बोलतं! "आई, पाणी सांडलं." "आई, बाबा आले." वाक्यंच्या वाक्यं हो! मी म्हणते, "अरे, मी इकडे आहे, मला सांग ना, कुठं सांडलं, किती सांडलं, पाय घसरेल, कपडे भिजले का..." की हा पुन्हा दगड. सासूबाईंना म्हटलं, हा असं का करतो? तर लसूण सोलता सोलता, मान वर न करता म्हणाल्या, "तिला दोन तोंडं आहेत गं, पण ती त्याला बोलू देते."

आता रोज मी त्या चित्राला खेटून उभी राहते. तोंड मिटून, बोट पुढं करून. मग चुकूनमाकून एखादी 'आई' माझ्याही वाट्याला येते. एक वाक्य होतं त्याचं, दुसरं होतं... आणि मग मला नाही हो राहवत!