उरलेली गादी

आई : सही कुठे करायची ते नंतर सांग. आधी हे सांग, कागद कुणाच्या गुडघ्यांचा?

लेक : तुझ्याच. आधी उजवा बदलायचा, तीन महिन्यांनी डावा.

आई : आणि तू बनवतेस ते औषध?

लेक : आई, सर्जन म्हणाले की…

आई : सर्जन कापा म्हणूनच सांगणार. न्हाव्याला विचारलं, केस वाढलेत का, तर तो काय म्हणेल? मी औषधाचं विचारतेय. पाच वर्षं म्हणाली होतीस. सहावं लागलं.

लेक : पाच वर्षांत कदाचित, असं म्हणाले होते.

आई : असशील म्हणाली. लेकीच्या तोंडचं 'कदाचित' कुठली आई धरते?

लेक : जरा इकडे वळ ना. तुझ्याकडे बघून सांगायचंय.

आई : वळायचं तर उठावं लागेल. तूच ये समोर. हं… चेहरा बघून कळलं. सांग आता.

लेक : ते चाललं नाही. माझं पेप्टाइड, ते औषध. वासरांच्या सांध्यांवर चाललं होतं, माणसांच्या नाही. वर्ष झालं कळून.

आई : वर्ष! आणि मी रोज सकाळी विचारते, काय म्हणतंय तुझं पिल्लू, तर तू म्हणतेस, वाढतंय.

लेक : हो.

आई : धन्य आहे बाई तुझी.

लेक : धीर होईना. चौथा मजला, लिफ्ट नाही, तू दिवसभर या खुर्चीत. त्यात हे कुठल्या तोंडाने सांगू?

आई : ज्या तोंडाने 'वाढतंय' म्हणायचीस, त्याच. बरं, बिनसलं कुठे? मागे सांगायचीस तसं सांग, शिंपिणीला कळेल असं, कापडात.

लेक : गुडघ्यातली गादी म्हणजे विणलेलं कापड धर. ते विरलं की बारीक धागे सांध्यातल्या पाण्यात सुटतात. तो नुसता कचरा नसतो. गादीतल्या पेशींना तो निरोप असतो, की इथे फाटलंय. निरोप आला की पेशी फाटलेलं कापून काढायला लागतात.

आई : कापता कापता चांगलंही कापलं जातं.

लेक : जातं. मग आणखी धागे सुटतात, आणखी निरोप.

आई : म्हणजे फाटलेलंच सांगतं, अजून फाडा.

लेक : तेच. मी एक नकली धागा बनवला. चौदाच मणी ओवलेला, एवढासा. निरोप ज्या दारातून पेशीत शिरतो, ते दार अडवून तो बसायचा. वासरांच्या गादीत छान बसला. पण माणसाच्या म्हाताऱ्या पेशीला दारं बरीच असतात. एक बंद केलं, तर निरोप दुसरीकडून आत.

आई : म्हातारीला गप्प बसवायला निघालीस, आणि सराव केलास वासरांवर! मला विचारायचंस तरी.

लेक : हसू नकोस गं.

आई : बरं, नाही हसत. सर्जन काय म्हणाले?

लेक : परवा घरी येऊन त्यांनी तुझी मांडी मोजली ना, तिथला स्नायू फार गेलाय. आधी सहा आठवडे व्यायाम. ताकद आली तरच ऑपरेशन, नाहीतर नवा गुडघा बसवूनही तुला उभं राहता येणार नाही. ते विचारत होते, दुखतं म्हणून माणसं कमी चालतात, पण इतकी कमी? खरं सांग, किती चालतेस तू?

आई : न्हाणीपर्यंत. आणि परत.

लेक : जिना कधी सोडलास? मी समजत होते, दुखणं वाढलं तेव्हा.

आई : तू औषधाचं सांगितलंस ना, त्याच आठवड्यात.

लेक : का पण?

आई : का म्हणजे? गेलेली गादी परत येणार नाही, उरलेली वाचवता येईल, हे कुणाचं बोलणं? मी वाचवली. कापड संपत आलं की शिंपीण कात्री खाली ठेवते. तुझं औषध येईल तेव्हा लावायला काही शिल्लक नको? शिलाईचं पायमशीन देऊन टाकलं. बाजार बंद केला. खालच्या मजल्यावरची शेजारीण हाका मारायची, या हो, सगळ्या जमल्यात. मी वरून सांगायचे, लेकीचं औषध येऊ दे, मग नाचत उतरते बहात्तर पायऱ्या.

(लेक हातातला कागद खाली ठेवते.)

आई : काय गं? पांढरीफटक का पडलीस?

लेक : गादीत रक्तवाहिन्या नसतात, आई.

आई : मग ती खाते काय?

लेक : आपण चालतो तेव्हा ती दाबली जाते, मग सुटते. स्पंजासारखी. त्यात सांध्यातलं पाणी आतबाहेर होतं. तेच तिचं खाणं. हे मी कॉलेजात दर वर्षी शिकवते. पहिल्याच तासाला.

आई : म्हणजे पाच वर्षं मी तिला उपाशी ठेवली.

लेक : मी ठेवली. रोज तुझ्यासमोर बसून जेवत होते. तू उठत नाहीस हे दिसत होतं, आणि मी तुला ताट हातात आणून देत होते.

आई : सगळंच स्वतःच्या अंगावर ओढू नकोस. दुखत तर होतंच. पण एक सांग, वर्षापूर्वी कळलं, मग ते काम सोडलं का नाहीस?

लेक : तू वाट बघत होतीस.

आई : घ्या! आणि मी ऑपरेशनला नाही म्हणत बसले, की लेकीच्या औषधावर आईचाच विश्वास नाही, असं तुला वाटायला नको. गेल्या हिवाळ्यात तुझ्या 'वाढतंय'मधला जीव गेला होता. मला कळलं होतं.

लेक : मग बोलली का नाहीस?

आई : तू तरी बोललीस?

लेक : नाही बोलले.

आई : आण ते पेन. कुठे करू सही?

लेक : इथे. आणि मागच्या पानावर.

आई : सहा आठवड्यांत येईल ताकद?

लेक : कदाचित.

आई : या खेपेला धरते तो शब्द. हं, काय करायचं?

लेक : पाय लांब कर, या स्टुलावर. गुडघा ताठ ठेव. आता टाच वीतभर उचल, दहा अंक होईपर्यंत खाली आणायची नाही. मी वहीत लिहिते. एक… दोन…

आई : अगं आई गं.

लेक : तीन… चार… पाच… छान. पाच झाले.

आई : टाच केव्हाच टेकली. तीनच लिही.