डॉक्टर काय म्हणाले

अनुराधा : ते ‘मॅलिग्नंट’ म्हणाले, बाबा, आणि तुम्ही आईला सांगितलं, ‘पोटात जखम आहे, अल्सर’. मी तिथंच उभी होते.

चंद्रशेखर : हळू बोल, अनू. ती वर पडलीय.

अनुराधा : मग त्यांनी तिला विचारलं, ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ तुम्ही तिला काय सांगितलं? ‘डॉक्टर विचारतायत, जेवण जातं का.’ ती बिचारी म्हणाली, भात जातो, पोळी जात नाही. आणि तुम्ही त्यांना म्हणालात, ‘शी हॅज नो क्वेश्चन्स’!

चंद्रशेखर : तीस वर्षं डॉक्टरकी करतोय मी. पेशंटला किती सांगायचं ते मला कळतं.

अनुराधा : तिथं तुम्ही डॉक्टर नव्हता. दुभाषी होता. ओळखीचे म्हणून त्यांनी दुसरा इंटरप्रिटर बोलावला नाही. दे ट्रस्टेड यू.

चंद्रशेखर : आपल्याकडे असलं सांगत नाहीत. माझ्या वडिलांना आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. सुखानं गेले.

अनुराधा : सुखानं गेले हे त्यांनी सांगितलं, की तुम्हीच ठरवलंत?

चंद्रशेखर : आली! तुझी पॅरिसची बाई बोलायला लागली.

अनुराधा : तिला मध्ये आणू नका.

चंद्रशेखर : मी आणतो? चार वर्षं तीच राहतेय या घरात! पीएचडी तिच्या पुस्तकांवर, भिंतीवर फोटो तिचा, डोक्याला फडकं बांधलेला. गेल्या वर्षी ती गेली, तर कॉव्हेंट्रीहून धावत-पळत फेरी पकडून परक्या बाईच्या मयताला गेलीस. चुलतबहिणीच्या लग्नाला मात्र तुला सुट्टी नव्हती.

अनुराधा : कारण मला तिच्याकडून कळलं, की दुसऱ्याचा आयुष्य आपण ठरवायचा नसतो. बाईचा तर सगळेच ठरवतात. बाप, नवरा, मुलगा. आणि तिला वाटत राहतं की हे असंच असतं.

चंद्रशेखर : दुसऱ्याचं आयुष्य. ‘चा’ नाही, ‘चं’. आधी मराठी नीट बोल, मग मला शिकव.

अनुराधा : डोन्ट! व्याकरणात लपू नका.

चंद्रशेखर : बरं. मग तुझ्या बाईचंच बोलू. तिची आई आजारी पडली, तेव्हा तिलाही कॅन्सरच निघाला होता. हो ना?

अनुराधा : तुम्हाला कसं माहीत?

चंद्रशेखर : वाचलं. रिपोर्ट आला त्या आठवड्यात तुझ्या खोलीतून तिचं आईवरचं पुस्तक नेलं. म्हटलं, पोरीची देवी काय सांगते बघू. तिनं नि तिच्या बहिणीनं आईला सांगितलं का? बोल ना. सांगितलं?

अनुराधा : नाही.

चंद्रशेखर : मग काय सांगितलं?

अनुराधा : दुसरंच काहीतरी.

चंद्रशेखर : दुसरंच काहीतरी! जगाला स्वातंत्र्य शिकवणारी बाई! आईच्या खाटेपाशी बसल्यावर तिनंही तेच केलं. मग मीच तेवढा गुन्हेगार?

अनुराधा : तिचं चुकलं मग.

चंद्रशेखर : अरे वा. फोटो काढणार भिंतीवरचा?

अनुराधा : चुकलं! आणि ते तिला टोचत राहिलं, म्हणून तर लिहून काढलं तिनं. मला आईवर पुस्तक नाही लिहायचं, बाबा. मला तिला वाईला मावशीकडे पाठवायचंय.

चंद्रशेखर : उन्हाळ्यात जाईल. ऑपरेशन होऊ दे.

अनुराधा : कुठला उन्हाळा? परवा ती यमुनामावशीला फोनवर म्हणाली, ‘आधी पोट दुरुस्त करून घेते, मग निवांत येते तुझ्याकडे.’ तुमच्या अल्सरवर विश्वास ठेवून तिनं बहिणीला भेटायचं पुढं ढकललं! तिच्याकडे वेळ नाही हे तिला माहीतच नाही. यू स्टोल इट फ्रॉम हर.

चंद्रशेखर : तोंड सांभाळ! मी चोर? या ऑपरेशननं थोडा वेळ तरी मिळेल—

अनुराधा : कुणाला? तिला, का तुम्हाला?

(मधुमती दारात उभी आहे, अंगावर शाल.)

मधुमती : जिन्यात गार लागतं. सरका, बसू द्या मला.

चंद्रशेखर : मधू, तू कशाला उठलीस? चहा वर आणला असता.

मधुमती : आणलाच असता. लग्नाला एकतीस वर्षं झाली, कधी पाणी म्हणून तापवलं नाहीत. महिनाभर बघतेय, उठल्या-बसल्या चहा. आणि अल्सरवाल्या पेशंटांना काय सांगायचात? चहा बंद करा! मी ऐकलंय तुम्हाला फोनवर.

अनुराधा : आई, तुला सगळं—

मधुमती : तू गप. तुझाही राग आलाय मला. पॅरिसची बाई काय म्हणाली, तिनं आईला काय सांगितलं! मेलेल्या बाईला विचारताय दोघं. मी वर जिवंत आहे ना अजून?

चंद्रशेखर : तू हाय खाशील, असं वाटलं गं.

मधुमती : हाय कुणी खाल्ली? आरशात बघा. दाढी किती दिवसांची वाढलीय? तो डॉक्टर माझ्याकडे बघून एवढं बोलला, आणि मला तुम्ही चार शब्द दिलेत. उरलेले कुठं ठेवलेत?

चंद्रशेखर : मधू...

मधुमती : माझ्या बापानं मला शाळेत घातलं नाही. म्हणाला, हिला काय करायचंय कळून. इथं आल्यावर मराठी मंडळाच्या वर्गात या अनूच्या शेजारी बसून, लहान पोरांत, ग म भ न गिरवलं मी. तुम्हीच दारापर्यंत सोडायला यायचात. कुणी हसलं तर त्याला दटावायचात. तेव्हा तुम्हाला वाटायचं, हिला कळलं पाहिजे. आता काय झालं? बापासारखे झालात?

चंद्रशेखर : असं नको बोलूस.

मधुमती : मग बसा समोर. डॉक्टर काय म्हणाला ते सगळं सांगा. अनू, हे काही गाळतायत का बघ.

चंद्रशेखर : जठरात गाठ आहे. कॅन्सरची.

अनुराधा : आणि?

चंद्रशेखर : आणि लिव्हरमध्येही पसरलीय.

मधुमती : कापून जाईल?

चंद्रशेखर : नाही. थोडे महिने वाढतील. तेही कदाचित.

मधुमती : मला विचारायचंय का काही, असं विचारलं ना त्यानं?

चंद्रशेखर : हो.

मधुमती : होतं विचारायचं. पुष्कळ होतं.

अनुराधा : आई, आपण सोमवारी परत जाऊ त्यांच्याकडे. मी सांगते त्यांना.

मधुमती : नको. तुझ्याकडून नको नि ह्यांच्याकडूनही नको. ऑपरेशन करायचं नाही मला. वाईची तिकिटं काढा.

चंद्रशेखर : तिथं दुखायला लागलं म्हणजे? थांब, वाईला उदय आहे, माझ्याबरोबर शिकलेला. त्याला आधी सगळं समजावून सांगतो, मग तो तुला बरोबर—

मधुमती : तुम्ही फक्त शेजारी बसा. त्याच्याशी मी बोलेन. मराठीत.