पुठ्ठ्याचा एक आणा

तुम्ही माझ्या छंदाला हसता, पण मागच्या रविवारी हुडकेश्वरला काय झालं ते ऐका. दुसऱ्या महायुद्धात चिल्लर मिळेनाशी झाली, तेव्हा काठियावाडातल्या काही संस्थानांनी पुठ्ठ्याची छोटी कूपनं छापून पैसे म्हणून चालवली. मी तीच जमवतो. नव्वदीला टेकलेल्या एका काकांना असं कूपन विकायचं आहे, असं कळलं म्हणून गेलो.

काकांनी डबीतून काढून ते माझ्या हातावर ठेवलं. एक आण्याचं होतं.

"माहा बाप तिकडं काठियावाडात गिरणीत होता," ते म्हणाले. "मी सहा वर्षांचा असंन. त्यानं चिठ्ठीत हे पाठवलं, पोराले खाऊ घेऊन दे म्हणून. मी दुकानात गेलो, तं दुकानदार म्हणे, तुह्या बापानं तुले रद्दी पाठवली. लय राग आला मले बापाचा. मग तो तिकडंच वारला."

"काका, ही रद्दी नव्हती. तिथल्या राज्याचा खरा पैसा होता, फक्त त्या हद्दीबाहेर चालत नव्हता. तुमच्या बाबांना ते माहीत नसेल."

काकांनी माझ्या हातातल्या कूपनाकडे वाकून पाहिलं. मग म्हणाले, "तवा एका आण्यात काय येत होतं गा?"

"मूठभर रेवड्या तरी आल्या असत्या."

त्यांनी कूपन माझ्या हातातून हळूच परत घेतलं.

"मंग हे नाही विकत मी. माह्या बापानं मले रेवड्या पाठवल्या होत्या."