चौकटीकडे बघ

मंडळी, बसा. उभं राहून ऐकण्यासारखं माझ्यापाशी काही नाही. मी सुहास, वसुधा मॅडमच्या लॅबमधला पीएचडीचा विद्यार्थी. समोर काका बसले आहेत, मॅडमचे यजमान. काका, तुमच्याकडे पाहून बोलायचं ठरवलं होतं. जमून नाही राहिलं.

मॅडम शनिवारी गेल्या. मला अजून रडू आलेलं नाही. सगळं बधिर झालंय. रविवारी घाटावर मी लोकांना पाणी देत होतो, बस्.

मॅडम काय काम करायच्या, असं त्यांच्या शेजारच्या आजोबांनी आत्ता विचारलं. सांगतो आजोबा. जिवाणूच्या अंगात प्रथिनं बनतात. त्यातल्या काहींना बाहेर जायचं असतं. त्यासाठी जिवाणूच्या पटलात, म्हणजे आवरणात, एक दार असतं, तेही प्रथिनाचंच. पण ते पटल बनतं लिपिडचं, म्हणजे एका तऱ्हेच्या स्निग्ध पदार्थाचं. मॅडमनी आमच्या जिवाणूंत एक लिपिड बनणंच बंद केलं. अन् प्रथिनं आत अडकून पडली. दार तर होतं! मग काहून अडकली?

आम्ही सगळे म्हणायचो, दारच बिघडलं असेल. मॅडम म्हणायच्या, "प्रताप नगरला माझ्या घरी ये पावसाळ्यात. न्हाणीचं दार लागत नाही. सुतार दार तासून तासून थकला. चौकट फुगली होती गा! चौकटीकडे बघ."

आमचे हे जिवाणू भलते नाजूक. मॅग्नेशियम घातलं नाही तर वाढतच नाहीत. नवीन आलेला प्रत्येक जण एकदा विसरतोच, अन् सकाळी फ्लास्क नितळ पाण्यासारखा. म्हणून मॅडमचा रामराम ठरलेला होता. "मॅग्नेशियम टाकलं का गा?" जेवलास का, हे नंतर. दिवाळीत फराळाला गेलो, तर दारातच तेच!

शुक्रवारी निघताना म्हणाल्या, "ते लिपिड आता परत बनू दे. सोमवारी काय होते ते सांग मले. चल, घरी पोळ्या टाकायच्या आहेत."

सोमवारी मी लॅबमध्ये गेलो. काहून गेलो, माहीत नाही. हात चालत होते. मॅग्नेशियम टाकलं. लिपिड बनणं चालू केलं. संध्याकाळी पाहतो तर प्रथिन बाहेर! दाराला आम्ही हातही लावला नव्हता.

मी फोन लावला. मॅडमना. सवयीनं. काकांनी उचलला. मी ओरडलो, "बाहेर आलं!" काका म्हणाले, "कोण आलं बाप्पा?" मी फोन ठेवून दिला.

काका, त्याचं उत्तर आज देतो. प्रथिन बाहेर आलं. मॅडमचं बरोबर होतं. दार चांगलंच होतं, बिघडली होती ती चौकट, म्हणजे ते पटल.

आता उभे राहू या. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. अन् लॅबच्या पोरांनो, इथून थेट वर लॅबमध्ये जा. सकाळचे फ्लास्क तसेच आहेत.

मॅग्नेशियम टाकलं का गा?