काकवीचा वास

सांगलीत लहान मुलांच्या डॉक्टरांकडं बसलो होतो. शेजारी आमच्या गावच्या मनुबाई आठ दिवसांच्या नातवाला घेऊन एका तरुण बाईशी बोलत होत्या.

"लय गुणी पोर. रडत न्हाई, दूधबी मागत न्हाई."

"काकवीचा वास कुठनं येतोय?"

"ह्याच्या दुपट्याला! आमचं गुऱ्हाळ हाय न्हवं. सगळी म्हणत्यात, गुऱ्हाळाचा मालकच जन्मला."

"आवं मावशी, माझ्या भाचीच्या दुपट्यालाबी असाच यायचा, मुताचा; तीबी अशीच दूध न मागता गप पडून असायची. दुधाच्या प्रथिनात ल्युसीन असतं, ते तिच्या अंगात जिरत न्हाई, साठून मेंदूला बाधतं."

"आईच्या दुधातलं?"

"व्हय. आता तिला बिगर ल्युसीनची दुधाची पावडर देत्यात. शाळंत जाती. तुमचा नंबर?"

"सतरावा. नुसती लस टोचायची हाय."

"माझा आलाय. आधी तुमी जावा."

मनुबाईंनी दुपटं नाकाशी धरलं.

"मावशी, वास घेत बसू नगा. उठा!"