दोन पेनांचं दप्तर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय आनंदीताई रास्ते, व्यासपीठावरचे विश्वस्त, आजचे सत्कारमूर्ती श्री. श्याम गोगटे, आणि वड्यांचा वास येत असूनही अजून खुर्च्यांवर टिकून असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

भेटवस्तूबद्दल चार शब्द बोलण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. गोगट्यांच्या विद्वत्तेबद्दल तीन वक्ते बोलून गेले, त्यामुळे माझी त्यातून सुटका झाली. ते परवा पुणे सोडून इंदूरला पुतणीकडे कायमचे राहायला जाणार आहेत, हेही तिघांनी सांगितलं. एकाने तर दोनदा. कोथरूडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू येणार, इथपर्यंत आपल्याला माहिती मिळाली. तेव्हा मी थेट वस्तूकडे येते.

समितीच्या मनात आधी भिंतीवरचं घड्याळ होतं. निवृत्त माणसाला घड्याळ का देतात, हे मला आजवर कळलेलं नाही. ज्याला आता कुठे पोहोचायचं नाही, त्याला आपण वेळ दाखवणार. मग मी म्हटलं, दप्तर देऊ या आणि ठोकळा देऊ या. आमच्या स्पृहाने विचारलं, “ताई, सर रिटायर होतायत, त्यांना कार्डं ठेवायला केस कशाला? टॅबचं कव्हर देऊ, जास्त युजफुल आहे.” तिचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. पण तिने आमचे दिवस पाहिलेले नाहीत, म्हणून थोडं सांगते.

आपला हा कामधंद्यांच्या शब्दांचा कोश आज शनिवार पेठेतल्या कार्यालयात संगणकावर बसून तयार होतो. पूर्वी तो कार्डांवर तयार व्हायचा आणि ती कार्डं खांद्यावरून यायची. ज्यातून यायची ते हे दप्तर. जाड कॅनव्हास, कडेला चामडं, आत दोन कप्पे. पुढच्या कप्प्यात कोरी कार्डं, मागच्यात लिहिलेली. झाकणाला आतून फळी, म्हणजे मांडीवर ठेवून लिहिता येतं. आणि बाजूला पेनांसाठी चामड्याचे दोन पट्टे. निळं पेन शब्दासाठी, लाल पेन तो कुठे नि कुणाकडून ऐकला ते लिहिण्यासाठी. संध्याकाळी कार्यालयात आलं की कार्डं दप्तरातून निघून टेबलावरच्या ठोकळ्यात उभी राहायची. ठोकळा म्हणजे सागवानी लाकूड, त्याला कार्डांसाठी एक लांब खाच आणि पेनांसाठी दोन भोकं. यापेक्षा जास्त काही नाही. गोगट्यांनी त्यांच्याकडे राहिलेलं जुनं दप्तर गेल्या आठवड्यात कार्यालयाची मालमत्ता म्हणून रीतसर जमा केलं. हा माणूस असाच आहे. म्हणून चामड्याचं काम करणाऱ्या संभाजीरावांकडून हे नवं शिवून घेतलं, आणि ठोकळाही नवा करून घेतला. त्यांनी विचारलं, हल्ली एकच पेन वापरतात, एकच पट्टा लावू का? मी म्हटलं, दोनच लावा.

अध्यक्षबाई, माझी वेळ संपली असेल तर घंटा वाजवावी. नाही? मग जरा पुढे जाते.

शब्द गोळा करायला आम्ही जोडीने जात असू. एकाने विचारायचं, दुसऱ्याने लिहायचं. माझ्या जोडीला गोगटे होते. ते विचारायचे, मी लिहायची, दप्तर माझ्या मांडीवर. या कामाचे दोन कडक नियम होते आणि ते नवीन लोकांना शिकवायचं काम गोगट्यांकडेच होतं. पहिला, लिहिणाऱ्याने बोलायचं नाही. हसायचं नाही, मान डोलवायची नाही. का? कारण सांगणारा माणूस लिहिणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, आणि आपल्याला आवडेल ते सांगू लागतो. दुसरा, एकाच माणसाला तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. पुन्हा विचारलं की माणसाला वाटतं, आपलं पहिलं उत्तर चुकलं. मग तो भिडेपोटी दुसरंच काही सांगतो, आणि भिडेपोटी दिलेला शब्द कोशात जात नाही.

मार्केट यार्डात आमचं बरंच काम झालं. तिथे ज्ञानदेव नावाचे हमाल होते, मोठे बोलके. पोत्यांच्या थप्पीचे प्रकार त्यांनी दिलेत, कोशात त्यांच्या नावासह आहेत. शेजारी सुशीलाबाईंची चहाची गाडी होती. त्या महिनोन् महिने मला बघत होत्या. मान खाली, पेन चालू, तोंडातून शब्द नाही. शेवटी त्यांनी गोगट्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, “साहेब, बाई मुक्या हायत का?” गोगटे म्हणाले, “नाही हो, त्या लिहितात.” सुशीलाबाईंची खात्री पटली नाही. त्या माझ्या चहात साखर जास्त घालत राहिल्या आणि पैसे घेईनात.

हसताय तुम्ही. मीही हसले होते, बसस्टॉपवर गेल्यावर. नियम होता ना.

परत येताना आम्ही कधी स्कूटरवरून आलो नाही, बसनेच यायचो. स्वारगेटपर्यंत गोगटे दिवसभराचे शब्द पुन्हा पुन्हा म्हणून बघायचे, कोणी तरी खाऊ दिल्यासारखे. दप्तर माझ्या खांद्यावर असायचं आणि त्यांच्या खिशात कधी पेन नसायचं. म्हणून दुसऱ्या पट्ट्यातलं लाल पेन निम्मा वेळ त्यांच्याच हातात असे. उतरताना ते मला परत देत. त्या परत देण्याची मला इतकी सवय झाली होती, की सुट्टीच्या दिवशीही संध्याकाळी हात रिकामा वाटायचा.

एकदा दुपारी आम्ही पोत्यांवर बसून ज्ञानदेवांची वाट बघत होतो. ते वजनाला गेले होते. दप्तर उघडं, कोरं कार्ड झाकणावर, पेन माझ्या हातात. गोगटे समोर बघत म्हणाले, “ओव्हाळबाई, हा प्रश्न आपल्या यादीतला नाही. आपण दोघांनी लग्न करावं का?”

थांबा, मला बोलू द्या. गोगटे, तुम्हीही बसा.

मंडळी, आता मी काय केलं ते ऐका. मी मान खाली घातली आणि पेन कार्डावर टेकवलं. किती वर्षं ते लोकांना विचारत होते आणि मी हेच करत होते. त्यांचा आवाज प्रश्नाच्या सुरात चढला की माझी मान खाली जायची आणि पेन टेकायचं. नोकरीच होती ती माझी. मनात मी उत्तर दिलं होतं, एका क्षणात दिलं होतं, पण तोंडाला ते माहीतच नव्हतं. आणि गोगटे थांबले. सांगणाऱ्यासाठी जेवढं थांबायचे तेवढंच, अदबीने. मग म्हणाले, “बरं.” तेवढ्यात ज्ञानदेव आले, आणि पुढचा प्रश्न सुरू झाला.

त्या महिन्यात गोगट्यांनी टेबलावरचं काम मागून घेतलं. त्यांना वाटलं, नकार मिळाला. आणि मला वाटत राहिलं, पुन्हा विचारतील. पण एकाच माणसाला तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही, हे त्यांनी निम्म्या पुण्याला शिकवलेलं. ते स्वतः कसे विचारणार?

मग मीच का नाही बोलले? लोक विचारतील. आडनावं वेगळी, घरं वेगळी, दोन्हीकडे समजूत घालावी लागली असती, हे खरं. पण ते कारण नाही, घरच्यांशी मी दोन हात केले असते. कारण इतकंच की एक दिवस गेला, मग आठवडा गेला, आणि पुन्हा न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कुठून सुरुवात करायची ते मला जमलं नाही. पुढे मलाही टेबल मिळालं, त्यांच्या शेजारचं. मध्ये एकच ठोकळा, त्यात दोघांची कार्डं आणि दोघांची पेनं. इतक्या वर्षांत आम्ही त्या ठोकळ्यावरून शब्दांबद्दल जेवढं बोललो तेवढं कुठल्या नवरा-बायकोत बोलणं होत नसेल. त्यांनी पुढे लग्नाचं काही केलं नाही. मीही नाही. कार्यालयात सगळ्यांना वाटलं, आम्हाला कोशाचं वेड आहे. कोश चांगला आहे, पण इतका नाही.

एखाद्या संध्याकाळी खिडकी बंद करताना ते विचारायचे, “ओव्हाळबाई, निघायचं का?” तेव्हाही माझी मान आधी खाली जायची. मग मी पर्स उचलायची. पायऱ्या उतरेपर्यंत मला वाटायचं, आज. मग ते त्यांच्या बसला जायचे आणि मी माझ्या.

परवा ते जातील. पुतणी चांगली आहे, इंदूर चांगलं आहे, खाण्यापिण्याची तर चंगळच आहे. त्यात मला दोष काढता येत नाही, आणि मी प्रयत्न केला नाही असं नाही.

तर गोगटे, त्या दिवशी मार्केट यार्डात तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर ‘हो’ होतं. ते भिडेपोटी नव्हतं, कारण मी ते दिलंच नव्हतं. आजही कुणी मला पुन्हा विचारलेलं नाही, म्हणजे तुमच्या नियमाने हे पहिलंच उत्तर आहे आणि ग्राह्य धरायला हरकत नसावी.

अध्यक्षबाईंनी घंटा हातात असून वाजवली नाही, त्यांची मी ऋणी आहे. संभाजीरावांनी वेळेत काम दिलं, स्पृहाने कागदात छान बांधलं, उपाहारगृहाने वडे अजून गरम ठेवले आहेत, सगळ्यांचे आभार. भेटवस्तूबद्दल बोलायचं सोडून मी भलतीकडे गेले, ते सभागृहाने पोटात घालावं. गोगट्यांनी घालू नये. त्यांनी बोलावं, आणि परवाची गाडी सुटायच्या आत बोलावं. मी ऐकायला मान वर करून बसले आहे.