चेण्याच्या ज्ञानदेवांचं पान

सिल्व्हर पार्कच्या बसस्टॉपवर दोघं माझ्यापुढे उभी होती.

“ही बस भाईंदर स्टेशनला जाते ना?”

“जाते. थांबा, तुम्ही उर्मिलाताई ना? आवाजावरून ओळखलं. मी दत्ताराम, आपल्या रेडिओवरचा.”

“अगंबाई! बंदच करून टाकलात ना हो रेडिओ? बातम्या संपल्या की रोज फोन लावायचे मी.”

“सगळ्यात जुन्या कॉलर तुम्ही.”

“मी कसली? माझ्या आधी चेणे गावचे ज्ञानदेव. आमचे मिस्टर गेले तेव्हा रोज रेडिओवरून विचारायचे, ‘उर्मिलाताई, जेवलात का?’”

“ताई, आता रेडिओच उरला नाही म्हणून सांगतो. सुरुवातीला कुणी फोनच करायचं नाही. ज्ञानदेव म्हणजे मीच. बाजूच्या खोलीतून, आवाज बदलून.”

“काहीतरीच काय! ते वारले. तुम्हीच बातमी दिलीत.”

“खरे कॉलर वाढले, मग त्यांना... संपवलं.”

“अहो, आज सर्वपित्री आहे! मिस्टरांच्या पानाशेजारी त्यांचंही पान ठेवून आलेय मी गच्चीवर.”

“माफ करा, ताई.”

“माफ काय करा? मिस्टरांचं पान अजून तसंच पडलंय. ज्ञानदेवांच्या पानाला कावळा लगेच शिवला हो!”